तुमची किंमत, आमची किंमत

९ जानेवारी

प्रिय घड्याळजी,

तुझं पत्र पोचलं. सव्वा वर्षाने तुझं अक्षर घरात आलं. पाकीट आधी आईंच्या हाती लागलं. मोतीबिंदूमुळे हल्ली त्यांना समोरचा माणूस नीट ओळखू येत नाही, पण पाकीट नाकाशी धरून म्हणाल्या, "त्याचंच. वेलांटी अजून अर्धीच सोडतो." सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला त्यांचा, पोटच्या पोराची चूक आधी दिसते, पोर नंतर. मग मात्र ते पाकीट माझ्या हातात द्यायला त्यांनी बराच वेळ लावला.

उत्तर लिहायला मला परवानगी काढावी लागली, हे वाचून हसू नकोस. मी आपणहून आमच्या कायदेवाल्या बाईंकडे गेले. म्हटलं, नवऱ्याचं पत्र आलंय, नवरा समोरच्या, म्हणजे आपल्याशी स्पर्धा असलेल्या कंपनीत चिपा बनवतो आणि मी इथे चिपांच्या किमती ठरवते. उत्तर पाठवू की नको? बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, नवऱ्याला पत्र लिहायला कुणाची बंदी नाही, पण प्रोसेसरची किंमत, बाजारात यायची तारीख, किती माल, पुढे काय बनतंय, यातलं अक्षरही नको. दोन कंपन्यांच्या माणसांनी भावाबद्दल आपापसांत बोलणं हा गुन्हा आहे, मग ती माणसं एका छपराखाली झोपत असली तरी. मी दारापर्यंत पोचले तेव्हा पुन्हा हाक मारून म्हणाल्या, ऑफिसात खूश आहात की नाराज, तेही शक्यतो लिहू नका, त्यावरूनही अंदाज बांधता येतो.

तेव्हा मी खूश आहे की नाराज, हे कळवत नाही.

बाकीचं कळवते. तुझं टेबल होतं तिथेच आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. ते मी खिडकीशी सरकवलंय, कारण तिथे ऊन येतं आणि आईंना बसायला बरं पडतं. स्वयंपाकघरातला नळ अजून ठिबकतो. बाल्कनीचं दार अजून खांद्याने ढकलावं लागतं, आणि त्या दाराशी मी अजून तुझ्या नावाने बोटं मोडते, कारण जाण्याआधी ते दुरुस्त करून जाईन असं तू म्हणाला होतास.

तू गेलास त्या वर्षी कंपनीने स्वतःची इमारत विकून तीच भाड्याने घेतली होती. आपल्या मजल्यावरचे निम्मे दिवे बंद असायचे. आपला प्रोसेसर तापायचा, शर्यतीत मागे पडायचा, दुकानदार तो कुणी पैसे कमी आहेत म्हणालं तरच कपाटातून काढायचे. तू म्हणालास, इथे आता नवं काही होत नाही, समोरून बोलावणं आलंय, चल. मी म्हटलं, चिपा आखणारे आपले मास्तर अजून इथे आहेत, सगळी नवी रचना त्यांच्या डोक्यात आहे, थांब. वर्षाच्या आत तू माझ्यामागे येशील, असं तुझं म्हणणं. वर्षाच्या आत तू परत येशील, असं माझं. चार वर्षं होत आली. दोघांचेही अंदाज साफ चुकले, आणि अंदाज बांधणं हा तर माझा पोटापाण्याचा धंदा.

त्यानंतर 'आपली कंपनी' हा शब्द घरातून गेला. 'आमची' आली आणि 'तुमची' आली. फोनवर तू "तुमच्याकडे कसं आहे?" म्हणालास की मला ऑफिस आठवायचं. तू घराबद्दल विचारत होतास हे मला फोन ठेवल्यावर कळायचं. मग मी किंमत विभागात गेले, ही बंदी आली, आपलं बोलणं 'जेवलास का'वर आलं आणि एक दिवस तेही कुणी विचारेनासं झालं.

एक गोष्ट मात्र गुन्ह्यात बसत नाही. तुमची किंमतयादी जाहीर असते. दर सोमवारी ती उघडून बघणं हे माझं कामच आहे. तुमचा नवा प्रोसेसर आला की मी किमतीच्या आधी त्याच्या आतल्या घड्याळाचा वेग बघते. चिपच्या सगळ्या कोपऱ्यांत ठोका एकाच क्षणी पोचवायचा, हे तुझं काम; त्यावरून तर तुला घड्याळजी नाव पडलं (आणि स्वतः एकाही जेवणाला वेळेवर आला नाहीस). तो वेग वाढलेला दिसला की वाटतं, बरा दिसतोय, झोप होतेय. तेवढाच राहिला की दिवसभर काळजी लागते. माझ्या शेजारची मुलगी म्हणते, तुम्ही समोरच्यांची यादी किती मन लावून वाचता.

सही तू ठेवलेल्या नावाने करते. इथे ते नाव आता कुणी घेत नाही.

तराजू


१७ फेब्रुवारी

प्रिय घड्याळजी,

आईंचे दोन्ही डोळे झाले. काळजीचं काही कारण नाही. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतंय? तर म्हणाल्या, तुमच्या पाटीवर 'शस्त्रक्रिया'तला एक काना कमी आहे. घरी आल्यावर त्यांना प्रत्येक कोपऱ्यातली धूळ दिसली आणि मला पहिल्यांदाच सासुरवास कशाला म्हणतात ते कळलं. माझ्याकडेही बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "केस पांढरे झाले गं तुझे. त्याने बघितलेत का?" मी म्हटलं, तो कुठे बघणार.

आता दिसायला लागल्यावर त्यांना पुन्हा काम करायचंय. छापखान्याने मुद्रितं पाठवायची तयारी दाखवलीय, पण हल्ली ती कागदावर येत नाहीत, म्हणून घरात एक डेस्कटॉप हवा, पडदा मोठा, अक्षर मोठं. आम्ही शनिवारी दुकानात गेलो. तोच तो, सुटे भाग घेऊन जुळवून देणारा, ज्याच्याशी तू तासन्तास पंख्यांच्या आवाजावर वाद घालायचास. त्याने तुझी चौकशी केली. त्याला आपलं सगळं ठाऊक आहे. पडदा ठरला, डबा ठरला, मग तो दोन्ही हात काउंटरवर ठेवून आईंना म्हणाला, "प्रोसेसर कुणाचा घालू? लेकाच्या कंपनीचा की सुनेच्या?"

मला वाटलं, आई किंमत विचारतील. भाजीवाल्याशीही त्या घासाघीस करतात. तुमचा आमच्यापेक्षा बराच महाग होता, ते त्याने सांगितलंही. आईंनी दोन्ही खोकी हातात घेऊन दोन्हींवरचा मजकूर वाचला, आमच्या खोक्यावर दोन चुका काढल्या, तुमच्यावर एक. मग म्हणाल्या,

"लेकाचा घाला. सून घरातच आहे."

दुकानदार हसला. मी नाही हसले.

तो आईंना म्हणत होता की घाई नसेल तर जरा थांबा, बाजारात काहीबाही ऐकू येतंय. मग त्याने माझ्याकडे बघितलं. आईंनीही बघितलं. मी समोर टांगलेल्या वायरी मोजत उभी राहिले. आईंनी पिशवीतून पाकीट काढलं, स्वतःच्या निवृत्तीच्या पैशांतून पूर्ण किंमत दिली आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. का, ते विचारू नकोस. कायदेवाल्या बाईंनी सांगितलेल्या गोष्टींत हे बसतं.

आता ते यंत्र तुझ्या टेबलावर आहे. आई सकाळी ते लावतात आणि म्हणतात, "उठला." संध्याकाळी बंद करताना त्याच्या डब्यावर हात ठेवतात. बघतात म्हणे, तापलाय का.

तराजू


३ मार्च

प्रिय घड्याळजी,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. कामात बुडालायस, पुढचे काही महिने असेच जाणार, असं लिहिलंयस. त्यावरून मी काही अंदाज बांधत नाहीये. म्हणजे बांधला, पण वापरणार नाही.

लिहिण्यासारखं काही नाही. काल एका बैठकीत मला बोलावं लागलं आणि जे बरोबर वाटलं ते मी बोलले. घरी येऊन सगळे पडदे काढून धुतले. आई म्हणाल्या, कोण येणार आहे? मी म्हटलं, कुणी नाही. त्या म्हणाल्या, मग एवढे पिळू नकोस, फाटतील.

तुझी तब्येत कशी आहे तेवढं कळव. आणि मी विचारलं नाही तरी अधूनमधून लिहीत जा. एवढंच.

तराजू


२२ मार्च

प्रिय घड्याळजी,

आता सगळं जाहीर झालंय, त्यामुळे लिहायला हरकत नाही. कायदेवाल्या बाईंना दाखवूनच हे पाकीट बंद करणार आहे, तेव्हा तुला लाज वाटेल असं काही मी लिहीत नाही. मला वाटली तर वाटली.

आमचा आठ कोरवाला प्रोसेसर (आईंच्या भाषेत आठ डोक्यांचा) तू पाहिला असशीलच. तुमच्या आठ कोरवाल्याच्या निम्म्या किमतीला. ती निम्मी किंमत माझी.

बैठक मोठ्या खोलीत होती, जिथे तुझ्या निरोपाचा केक कापला होता तिथे. विक्रीवाले साहेब म्हणत होते, समोरच्यांपेक्षा दहा टक्के कमी ठेवू, त्याहून खाली गेलो तर लोक म्हणतील माल हलका आहे. सगळे माना हलवत होते. मी म्हटलं, दहा टक्क्यांसाठी कुणी सवय मोडत नाही. माणूस वर्षानुवर्षं एकाच दुकानात जातो, त्याने शेजारच्या दुकानात शिरावं तर किंमत बघून दारातच धक्का बसावा लागतो. समोरचे कित्येक वर्षं घरगुती यंत्रात चार कोर देतायत आणि आठ हवे असतील तर मोठी रक्कम मागतायत, कारण मागितली की मिळते. आम्हाला निम्म्यात परवडतं. मास्तरांनी एक मोठी चिप करण्याऐवजी लहान लहान तुकडे करून जोडलेत. मोठ्या काचेला एक चरा गेला की सगळी काच बाद. तावदानं केली तर एखादंच बाद होतं. नासाडी कमी, म्हणून खर्च कमी. मग ते गिऱ्हाइकाला का देऊ नये?

अध्यक्षबाईंनी विचारलं, दुसऱ्या दिवशी समोरच्यांनीही भाव उतरवला तर? मी म्हटलं, इतक्यात उतरवणार नाहीत. उतरवला तर आजवर जास्त घेत होतो हे कबूल केल्यासारखं होईल. आधी ते खर्च कापतील.

"म्हणजे काय करतील?"

"जे अजून पुरं झालेलं नाही, ते बंद करतील."

हे बोलून गेले आणि मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते. विक्रीवाले साहेब वातावरण हलकं करायला म्हणाले, समोरच्यांचं काय काय पुरं व्हायचंय ते बाईंना घरूनच विचारता येईल की. कायदेवाल्या बाईंनी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं आणि तो प्रश्न कामकाजातून काढायला लावला. पण विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? चार वर्षं तू रोज उठून काय बनवतोयस, हे मला माहीत नाही. त्या खोलीतल्या सगळ्यांना वाटत होतं की मला थोडं तरी माहीत असेल, आणि ते नाही, याचंच मला तेव्हा सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

मग अध्यक्षबाईंनी प्रत्येकाला एकेक करून विचारलं. माझी पाळी आल्यावर मी पुन्हा निम्मीच म्हटलं.

विक्री सुरू झाली त्या दिवशी दुपारीच आपल्या दुकानदाराचा फोन आला, की फळी रिकामी झाली, उद्या आणखी पाठवा. मजल्यावरचे सगळे दिवे लावले होते. मास्तर कधी नव्हे ते माझ्या टेबलाशी आले. थोडा वेळ माझ्या पेनांशी खेळत उभे राहिले. मग म्हणाले, "बाकी सगळं बदललं, पण घड्याळाचा सांगाडा त्याचाच ठेवलाय. पुन्हा आखून बघितला दोनदा. त्याच्याइतका जमेना."

म्हणजे तू जाताना जे अर्धवट ठेवून गेलास, तेच याच्या पोटात आहे. तुझ्या कामाला मी निम्मी किंमत लावली, आणि तीही तुझ्याच दुसऱ्या कामाच्या विरुद्ध. हे कसं घ्यायचं ते मला कळत नाहीये. तुला कळलं तर सांग.

आईंनी वर्तमानपत्रात किंमत वाचली. चष्मा खाली घेऊन म्हणाल्या, त्या दिवशी दुकानात तुला हे माहीत होतं? मी म्हटलं, आकडा ठरायचा होता, पण स्वस्तात येणार हे माहीत होतं. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे परीक्षांचे निकाल छापायला यायचे. शेजारणीचा मुलगा नापास झालेला मी आदल्या दिवशी वाचला आणि संध्याकाळी तिच्याबरोबर भाजी आणायला गेले. नाही सांगता येत." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तरी मी तुमचा घेतला नसताच."

तू लिही. रागावला असलास तर रागाने लिही.

तराजू


११ मे

प्रिय घड्याळजी,

दोन पत्रांना उत्तर नाही. तरी लिहिते.

एप्रिलभर तुमची यादी जागची हलली नाही. गेल्या सोमवारी हलली. तुमचे सगळे घरगुती प्रोसेसर एका फटक्यात खाली आले, आणि त्याच दिवशी दुपारी ती दुसरी बातमी आली.

ती मी ऑफिसात ऐकली. विक्रीवाले साहेब हातात कागद घेऊन मजल्यावर आले आणि मोठ्याने वाचायला लागले. समोरच्यांनी पुढच्या वर्षीचा डेस्कटॉप प्रोसेसर रद्द केला. त्यावर काम करणारा सगळा गट मोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात एकदोनदा वाजले. मग त्यांनी पुढचं वाक्य वाचलं, कुठल्या गावातलं ऑफिस बंद होतंय ते. तुझ्या गावाचं नाव. टाळ्या एकेक करून थांबल्या. शेजारच्या मुलीने माझी बाटली भरून आणून दिली. मास्तर आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. कुणीतरी केक मागवला होता, तो तसाच खोक्यात राहिला.

मी घरी लवकर आले. आई तुझ्या टेबलावर काम करत होत्या. सांगितलं. त्यांनी हातातलं पान पुरं केलं, मग यंत्र बंद केलं.

"तुला हे आधी माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. अंदाज होता."

"तुझा अंदाज म्हणजे माहीतच की गं."

त्या रागावल्या नव्हत्या. तसं असतं तर सोपं गेलं असतं. त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो आणि कुणीच रेडिओ लावला नाही.

मी माफी मागत नाही. तुला खोटं वाटेल असं मी काही लिहिणार नाही. उद्या मला त्या खोलीत परत बसवलं तर मी परत निम्मीच सांगेन. घरोघरी लोकांना चांगलं यंत्र परवडतंय, आमच्या मजल्यावर दिवे आहेत, आणि हिशोब बरोबर होता. पण त्या हिशोबात तू कुठल्या तरी ओळीत होतास आणि मला ते त्या दिवशीच दिसलं होतं. हे तुला बातमीतून नाही, माझ्याकडून कळायला हवं, म्हणून लिहिलं.

आणि एक. आता सोमवारी यादी उघडवत नाही. तिच्यात तुझं काही असणार नाही.

तराजू


२६ मे

प्रिय घड्याळजी,

तुझा फोन आला, तरी मी पत्र लिहायला बसलेय. म्हणजे फोन कसा झाला ते तूच समज.

तुझा फोन यायच्या आदल्या आठवड्यात मी कायदेवाल्या बाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, आता बंदी उठली. त्यांच्या जुन्या कंपनीची गुपितं तेवढी विचारू नका, बाकी हवं ते बोला. "आता ते कुणाचेच नाहीत ना." बाई कायद्याचं बोलत होत्या. मी जिना उतरेपर्यंत ते वाक्य कानात घेऊन आले.

आईंशी तू बराच वेळ बोललास. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते, पुसलेलीच पुन्हा पुसत होते. मग माझ्या हातात फोन आला. तू म्हणालास, तुमचा आठ कोरवाला मी पहिल्याच आठवड्यात दुकानात जाऊन विकत घेतला, पात्याने त्याचं झाकण काढून भिंगाखाली बघितलं. आणि मग म्हणालास, "सांगाडा ओळखला. पण त्याच्या आधी किंमत ओळखली. बातमी वाचली आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो. दहा टक्केवाला कुणी असता तर आम्ही वाचलो असतो. म्हटलं, ही तीच."

तू रागावला नव्हतास. तू हसलासही. मला वाटलं होतं, तू ओरडशील, मी ओरडेन, चार वर्षांचं सगळं एकदाचं निघेल. तू म्हणालास, मास्तरांनी परत बोलावलंय, पण ज्या दारातून स्वतःहून निघालो त्या दारातून पुन्हा आत जायला जमणार नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी कानात बसवायची यंत्रं बनवणारी एक लहान कंपनी आहे, त्यांना चिपवाला माणूस हवाय, जूनमध्ये मुलाखत आहे. मी म्हटलं, छान. तू म्हणालास, हं. मग मी नळाबद्दल सांगितलं. तू म्हणालास, वॉशर बदल. मग तू काही बोलला नाहीस, मीही नाही. बंदी होती तेव्हा निदान बंदीच्या नावाने गप्प बसता येत होतं.

फोन ठेवल्यावर आई म्हणाल्या, "एवढंच?"

मी रजा टाकलीय. रविवारी पोचते. तुला चालेल का, हे मी विचारत नाहीये, कारण तू 'हं' म्हणशील. घ्यायला येऊ नकोस, तू उशिरा येशील आणि मी उगाच ताटकळत बसेन. पत्ता आहे माझ्याकडे.

तराजू


९ जून

प्रिय घड्याळजी,

तू मुलाखतीला गेलायस आणि मी तुझ्याच खोलीत तुझ्याच टेबलाशी बसून तुला पत्र लिहितेय. आई ऐकतील तर दोघांनाही वेड्यात काढतील.

तुझी खोली मी आल्यापासून बघतेय. दोन कप, त्यातल्या एकाला कान नाही. तो तू घेतोस आणि धड मला देतोस. पलंग मला दिलास आणि स्वतः जमिनीवर गादी टाकलीस. टॉवेल नवा आणलास, त्याची चिठ्ठीही काढली नव्हतीस. मी पाहुणी असल्यासारखी पाय आखडून वावरतेय आणि तू घरमालक असल्यासारखा सारखा विचारतोस, काही हवंय का. परवा बाजारातून येताना आपण एकाच वेळी एकच पिशवी उचलायला गेलो आणि दोघांनीही सोडली. बटाटे जिन्यावरून खालपर्यंत गेले. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी ते गोळा करून दिले आणि विचारलं, बहीण का तुमची? तू म्हणालास, बायको. चार वर्षांत तो शब्द तुझ्या तोंडून ऐकला नव्हता. तुझा आवाज जरा चिरकला होता, ते मी ऐकलं, आणि बटाटे धुवायला लागले.

खिडकीतून मोटारी लावायची जागा दिसते, बाकी काही नाही. चार वर्षं हे बघत होतास? तू लिहायचास, इथून आकाश छान दिसतं. मान वाकडी केली की थोडं दिसतं, करून बघितली.

काल संध्याकाळी तू भांडी घासत होतास. माझ्याकडे पाठ होती. नळ चालू ठेवूनच तू म्हणालास, "राहशील?"

आणि मी म्हटलं, "गॅस बंद केलास का?"

तू बघून आलास आणि म्हणालास, केलाय. मग पुन्हा विचारलं नाहीस. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेलास, आणि दारातून एकदा मागे वळलास, मला वाटतं किल्ली घेतलीय का ते बघायला.

ऑफिसात मला कुणी भाव विचारला तर मी घाबरत नाही. खोलीभर माणसं बसलेली असतात, कोट्यवधींची उलाढाल असते, आणि मी आकडा सांगून मोकळी होते. काल तू एक शब्द विचारलास आणि मला गॅस आठवला. तर त्या शब्दाचं उत्तर लिहिते, कारण तोंडाने सांगायला गेले तर मी पुन्हा नळावर किंवा वॉशरवर जाईन.

राहीन.

या खोलीत नाही, ही खोली वाईट आहे. तुला ही नोकरी मिळाली तर त्या कंपनीच्या गावात. नाही मिळाली तर घरी, आणि मग बाल्कनीच्या दाराची तुझ्याकडून दुरुस्ती करून घेईन. मला तू हवा आहेस. तुझ्या चिपचा वेग वाचून तू जेवलास की नाही ते ओळखायचा मला कंटाळा आलाय. तू उशिरा ये, पण घरी ये, आणि मी वाट बघून चिडलेली असेन तेव्हा समोर उभा राहा, म्हणजे मला चिडता येईल. माझे केस पांढरे झालेत ते तू पहिल्याच दिवशी बघितलंस, मला दिसलं. काही बोलला नाहीस. बोल. तुझ्याही कानामागचे झालेत.

तू गेल्यावर मी दोन फोन केले. पहिला ऑफिसला. रजा महिनाभर वाढवून मागितली. अध्यक्षबाई म्हणाल्या, आत्ता? समोरचे पुन्हा नव्या किमती लावतायत. मी म्हटलं, लावू देत. त्या म्हणाल्या, बरं.

दुसरा आईंना. सगळं सांगितलं नाही, तरी त्यांना कळलं. म्हणाल्या, जिथे जाल तिथे मला चांगला उजेड हवा, बाकी माझं काही म्हणणं नाही. आणि त्याला म्हणावं, मुलाखतीत हळू बोल, घाईत शब्द खातो.

ती नोकरी मिळावी की न मिळावी, हे मला सांगता येत नाही. दुपारपासून मी दोन्हींसाठी आलटून पालटून मनात

जिना वाजतोय. तुझीच पावलं आहेत, एक पायरी गाळतोस तू. एवढ्या लवकर कसा? किल्ली कुलपात उलटी घातलीस. आता शिव्या घालशील तिला.

थांब, दार मी उघडते.